एमएला जेंडर स्टडीज घेऊ की अर्थशास्त्रच धरून ठेवू?

उसाचं_पाचट

नमस्कार. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी बीड जिल्ह्यातली, टीवायबीएला आहे, स्पेशल अर्थशास्त्र. या वर्षी आम्हाला प्रोजेक्ट होता, आपापल्या गावात ४० घरांचा सर्व्हे करायचा, कुटुंबप्रमुख कोण, शेती किती, घरातलं कोण काय काम करतं वगैरे. फॉर्म सरांनीच बनवला होता, आम्ही फक्त झेरॉक्सा मारल्या. म्हणलं सुरुवात घरच्यांपासून करावी म्हणून पहिली चुलतीकडं गेले. ती तेव्हा शेळीला पाला टाकत होती आणि पायानं कोंबड्या हाकलत होती. विचारलं, काकू तुम्ही काम काय करता? तर म्हणे, "मी कुठं काय करते, घरीच असते की."

आता माझी ही चुलती दरवर्षी दिवाळीच्या आगंमागं चुलत्याबरोबर ऊसतोडीला जाते ती उन्हाळा लागल्यावरच परत येते. चुलता तोडतो, ही पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधून विकते, आणि त्याच्या आधी आणि नंतर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, चूल आहेच. मी म्हणलं अहो कारखान्याला जाता ना तुम्ही? तर म्हणते, "ते काय माझं काम हाय का, मालकासंगं जाते नुस्ती."

मी पेन हातात धरून तशीच बसले. सरांना विचारलं काय लिहू, ते म्हणाले गृहिणी लिही, मजुरीचं सगळं कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात येतंच की. येतंच, कारण उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) दोघांची मिळून असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव चुलत्याचं. ४० घरं झाली तेव्हा एक अंगणवाडी सेविका आणि एक ग्रामपंचायत सदस्य सोडल्या तर माझ्या फॉर्मवर सगळ्या गृहिणी होत्या. प्रोजेक्टला मार्क चांगले पडले.

तेव्हापासून हे डोक्यातनं जाईना म्हणून वाचायला लागले तर कळलं की जेंडर स्टडीज, वुमेन्स स्टडीज असा एमएच असतो, पुण्याला विद्यापीठात आहे, मुंबईला एसएनडीटी आणि टिसला (टाटा इन्स्टिट्यूटला) आहे. मग प्रश्न असा की मी तिकडं जाऊ की अर्थशास्त्रातच एमए करून बायकांच्या कामावर काहीतरी करू? हा एक विषय आहे की सगळ्याच विषयांतला थोडा थोडा आहे? नोकरीचं काय? वडील म्हणतात बायकांचा अभ्यास करायला पुण्याला कशाला जायचं, आईसंगं आठ दिवस रानात जा, सगळा अभ्यास होतो. (यात चूक काय आहे ते मला अजून सांगता आलेलं नाही.)

बेरीजवजाबाकी

बाळ, धागा आवडला. मी सोलापूरकडे सिनियर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवतो, २२ वर्षं झाली, त्यामुळे मी कुणाची बाजू घेणार ते आधीच सांगून टाकतो. अर्थशास्त्र सोडू नकोस.

आधी तुझ्या सरांचं. त्यांनी तुला जे सांगितलं ते त्यांच्या मनाचं नाही, आमचं सगळं शास्त्रच तसं बसलंय. सरकारचा जो रोजगाराचा सर्व्हे असतो त्यात प्रत्येक माणसाला कामाचा एक कोड लागतो. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि त्याबरोबर घरासाठी जळण, भाजीपाला, गुरांचं वैरण फुकटात गोळा करणं, शिवणटिपण वगैरे. हे दोन्ही कोड 'कामगार नाही' यात धरतात. म्हणजे डोक्यावर मोळी घेऊन दोन कोस चाललेली बाई कागदावर रिकामी. तुझी चुलती तर नियमानेसुद्धा कामगार म्हणूनच मोजली जायला हवी, सहा महिने मजुरी करते ती, पण फॉर्म भरणाऱ्याने एकदाच विचारलं, ती "घरीच" म्हणाली, त्याने टिक केली आणि पुढच्या घरी गेला. त्याला दिवसाला घरं संपवायची असतात. आणि पुष्कळदा उत्तर द्यायला पुरुषच पुढे येतो, ती दाराआड.

आता मजा बघ. २०१९ मध्ये आपल्याकडे देशभर वेळेच्या वापराचा सर्व्हे झाला. त्यात "तुम्ही काम काय करता" हा प्रश्न धरूनच बसले नाहीत. काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचे खण, आणि प्रत्येक खणात काय केलं ते सांगा. बायका त्याच, पण आता "काही नाही" म्हणायला जागाच राहिली नाही. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा सरासरी वेळ निघाला दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. आणि ही ९७ फक्त जे करतात त्यांची, असे पुरुष होते १०० तले २६. बायका ८१.

म्हणून सांगतो, हा फरक नुसत्या कळवळ्याने दिसला नाही, प्रश्न कसा विचारायचा ते कळल्यामुळे दिसला, आणि ते शिकायला सॅम्पलिंग पाहिजे, राष्ट्रीय उत्पन्न कसं मोजतात ते पाहिजे, थोडं स्टॅट पाहिजे. कलेक्टरसमोर कविता चालत नाही, आकडा चालतो. एमए अर्थशास्त्रात कर, डिसर्टेशन याच विषयावर घे. नोकरीच्या जाहिराती निघतात (निघाल्या तर!) त्या अर्थशास्त्राच्या निघतात.

आणि एक काम सुचवतो. त्या चुलतीकडे परत जा आणि या वेळी पहाटे ४ पासून विचार.

खारीचा_वाटा

सरांचा प्रतिसाद मस्त आहे पण निम्म्या मुद्द्यांशी भांडण आहे, तेवढं भांडून घेते :)

मी पुण्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रातून एमए केलं, बऱ्याच वर्षांपूर्वी. त्या आधी बीएस्सी. आमच्या वर्गात एक नर्सिंग केलेली, दोन मराठीवाल्या, एक वकील, एक इंजिनिअर, एक मुलगा पत्रकारितेचा, आणि पहिले दोन महिने कुणाला कुणाचं काही कळायचं नाही. वकील म्हणायची कायदा आहे ना मग प्रॉब्लेम काय, मराठीवाली म्हणायची आत्मचरित्रं वाचा म्हणजे कळेल, मी म्हणायचे याचा पुरावा काय. आणि तिथेच खरं शिकणं झालं, कारण हळूहळू लक्षात यायला लागलं की प्रत्येक विषयाला बाईचा एकेक तुकडाच दिसतो आणि तो विषय समजतो की बाई एवढीच.

हा विषय आला कुठून तेही सांगते. १९७४ ला सरकारच्याच समितीचा देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा अहवाल आला, फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. स्वातंत्र्य मिळून पाव शतक उलटलेलं, सगळ्यांना वाटत होतं बायका पुढे चालल्यात, आणि या लोकांनी बघितलं तर लोकसंख्येतलं बायकांचं प्रमाण घसरतंय, कामातला वाटा घसरतोय. समितीत एकाहून एक शिकलेली माणसं, ती स्वतःच हादरली, की आपण विद्यापीठांत बसून हे कसं पाहिलं नाही. त्याच वर्षी एसएनडीटीत नीरा देसाईंनी संशोधन केंद्र सुरू केलं, १९८१ मध्ये पहिली राष्ट्रीय परिषद तिथेच भरली. पुढे १९८६ चं शैक्षणिक धोरण आलं, यूजीसीने विद्यापीठांत केंद्रं काढायला मदत सुरू केली, पुण्याचं १९८७ चं. तेव्हा 'हा एक विषय की सगळ्यांतला थोडा थोडा' हे तुझं भांडण तेव्हापासूनचं आहे. वेगळं केंद्र काढलं की बाकीचे विभाग म्हणतात सुटलो, बायकांचं ते तिकडे बघतील. वेगळं नाही काढलं तर कुणीच बघत नाही.

आता सरांशी भांडण. २९९ मिनिटं, बरोबर. पण कुणाची? सरासरीतल्या बाईला जात नसते. एका घरात २९९ मिनिटं राबणारी आणि त्याच घरात भांडी घासून स्वतःच्या घरी जाऊन परत राबणारी, दोघी त्याच आकड्यात. हे मला शर्मिला रेगे मॅडमच्या लिखाणाने शिकवलं. त्या मुळात समाजशास्त्राच्या, २०१३ मध्ये गेल्या, फार लवकर. फुले-आंबेडकर वाचल्याशिवाय इथल्या बायकांबद्दल बोलताच येत नाही हे त्यांनी अभ्यासक्रमातच आणून ठेवलं. आणि विद्यापीठाच्या बाहेरचं उदाहरण घे, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून. आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या झालेल्या बायकांना गावोगाव जाऊन गाठलं, मुलाखती घेतल्या, १९८९ मध्ये पुस्तक केलं. ते झालं नसतं तर या बायका फक्त सभेच्या फोटोत मागच्या रांगेत राहिल्या असत्या. तिथे कुठलं सॅम्पलिंग होतं, सर?

नोकरीचं खरं ते सांगते, गोड बोलत नाही. नेटला, म्हणजे प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेला, वुमेन स्टडीज स्वतंत्र विषय आहे पण प्राध्यापकीच्या जागा अगदी थोड्या, केंद्रं ग्रँटवर अवलंबून, कंत्राटी लोक महिनोन्‌महिने पगाराची वाट बघत बसतात हे मी जवळून पाहिलंय. बाकी आमच्या बॅचचे लोक संस्थांमध्ये, एक पत्रकार, एक कंपनीत लैंगिक छळ प्रतिबंधक समितीचं ट्रेनिंग देते आणि आमच्यात सगळ्यात जास्त कमावते. मी स्वतः बचत गटांच्या फेडरेशनबरोबर आहे. भाड्याचं घर आहे, उपाशी नाही.

बाबांना सांग की आईबरोबर आठ दिवस रानात जायचा सल्ला एकदम करेक्ट आहे, आम्ही त्याला फील्डवर्क म्हणतो. फक्त ते पण येतील का विचार.

सरळरेषा

सगळ्यांचा मान ठेवून बोलतो, हे सगळं फॅड आहे. बायकांचा अभ्यास, मग पुरुषांचा का नाही? आमच्या गावात ३२-३३ ची पोरं बिनलग्नाची बसलीत, एकर-दोन एकर शेती, मुलगी कोण देईना, त्यांच्यावर करा म्हणावं एमए. आणि प्रत्येक विषयात कशाला हे घुसवायचं? पाण्याचा रेणू बाईसाठी वेगळा असतो का? ताई, तुम्ही एमपीएससी द्या, नायब तहसीलदार झालात तर चुलतीचं भलं तरी करता येईल.

खारीचा_वाटा

सरळरेषा, तुमच्या गावातल्या पोरांचं जे सांगितलंत ना, तो याच विषयातला धडा आहे, खरंच. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरला लग्न न जमणाऱ्या पोरांनी नवरदेव होऊन कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता, बाशिंगं बांधून, घोड्यावर. लोक हसले. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे मुली होत्या ८९४, आणि धागाकर्तीच्या बीड जिल्ह्यात ८०७. ती २०११ ची पोरं आता कुठे लग्नाच्या वयाकडे येतायत. या नसलेल्या मुलींचा हिशोब कुठल्या विभागात करायचा? लोकसंख्याशास्त्रात, की सोनोग्राफी आहे म्हणून मेडिकलला, की हुंडा आहे म्हणून अर्थशास्त्रात? शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुली का म्हणतायत ते विचारायला परत त्या मुलींकडेच जावं लागतं. जेंडर म्हणजे लिंगभाव, त्यात पुरुषपण पण येतं, नवरदेव पण येतो.

रेणू वेगळा नसतो हो, पण तो रेणू बघायला प्रयोगशाळेत कुणाला घ्यायचं हे वेगळं असतं. कमला भागवत, नंतरच्या सोहोनी, मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिल्या आलेल्या, १९३३ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला गेल्या तर तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. हटून बसल्या तेव्हा एक वर्षाच्या बोलीवर घेतलं. १९३९ ला केंब्रिजची पीएचडी.

ओपीडी_४

हा धागा मला माझ्या बहिणीने पाठवला. मी डॉक्टर, कम्युनिटी मेडिसिन, मराठवाड्यातच काम केलंय, लिहायची सवय नाही त्यामुळे विस्कळीत होईल.

आमच्याकडे एमबीबीएसला बाई म्हणजे गर्भाशय. गरोदर असली की ती आमची, बाळंत झाली, कॉपर टी बसवली की विषय संपला. मधल्या वयातली, कंबर धरून बसलेली, पांढरं पाणी जातंय म्हणून दारात घुटमळणारी बाई आमच्या पुस्तकात फार कमी. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत दोन गावांत ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये लॅन्सेटला छापून आलं, त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. आणि आधी कधी त्यासाठी तपासून घेतलेल्या? ८ टक्के. दवाखान्यात बसून हे कधीच कळलं नसतं, कारण दवाखान्यात येतात त्या ८ मधल्या.

आता तुझ्या चुलतीच्या उसाच्या फडाकडे ये. गर्भपिशवी काढलेल्या ऊसतोड बायकांचा विषय २०१९ मध्ये गाजला, सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पेपरवाल्यांनी नफेखोर डॉक्टर दाखवले, ते आहेतच, मी माझ्या जमातीला सोडत नाही. पण माझ्यासमोर बसलेली एक ३० ची बाई मला काय म्हणाली ते सांगतो. म्हणाली, "पाळीत काम व्हत नाही, खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, तुमीच सांगा काय करू." मी तिला हार्मोन्सबद्दल, हाडं ठिसूळ होतील याबद्दल सांगत बसलो होतो. तिला खाड्याचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का होता. तिथे संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाणी दुसऱ्याच्या विहिरीवरून, पॅड टाकायचं कुठे, आणि दोघांची उचल आधीच फिटायची राहिलेली. आता हा आजार कशाचा? गायनॅकचा की उचलीचा?

मला हे प्रश्न विचारायला कुणी शिकवलंच नाही, तिशी उलटल्यावर एका समाजशास्त्रवाल्या मैत्रिणीने शिकवलं. तू कुठेही जा, पण एखादी नर्स किंवा आशाताई जवळ ठेव, आकड्यांत न येणारं सगळं त्यांना माहीत असतं.

कोर्टकचेरी

वकील आहे, नागपूर साइड, त्यामुळे आमचीही बाजू ऐका, ती मांडायचे आम्ही सहसा पैसे घेतो.

आमच्या कॉलेजात स्त्रिया आणि कायदा म्हणून एक ऑप्शनल पेपर होता, सोपा जातो म्हणून सगळे घ्यायचे. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं कलमं पाठ करा, गाइड फलाणं घ्या. मथुरा खटला आम्हाला असा दोन ओळींत होता. नंतर स्वतः वाचला. १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, मथुरा नावाची आदिवासी मुलगी, बलात्काराचा आरोप असलेले दोन पोलीस. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने सोडलं, का तर अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचं दिसत नाही, म्हणजे संमती. मग १९७९ ला चार कायद्याच्या प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा कायद्याचाच आहे, पण नुसत्या कायद्याने तो सुचत नाही. शरण जाणं आणि संमती देणं यात फरक आहे, आणि रात्री पोलीस ठाण्यात बसलेल्या गरीब पोरीला ओरडण्याची ताकद कुठून यायची? हे समाजशास्त्र झालं, मानसशास्त्र झालं. १९८३ मध्ये कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्कारात बाई संमती नव्हती म्हणाली तर कोर्टाने तसंच धरून चालायचं, असं पुराव्याच्या कायद्यात आलं.

पण मला जास्त बोलायचंय ते सातबाऱ्याबद्दल, कारण रोज तेच बघतो. मुलीला वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाइतका हक्क, महाराष्ट्रात १९९४ चा कायदा, देशात २००५, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये परत स्पष्ट केलं की २००५ ला बाप हयात असला-नसला तरी हक्क आहेच. कागद एकदम चोख. आता दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एखाद्या दिवशी बसून बघ. भाऊ गाडी करून बहिणींना आणतो, हक्कसोडपत्र तयार असतं, सगळ्यात मोठी बहीण अंगठा आधी देते म्हणजे धाकट्यांना पर्याय राहत नाही. बाहेर आल्यावर रसवंतीवर रस, पिशवीत एकेक साडी. मी एकदा एका बाईला बाजूला घेऊन विचारलं ताई तुम्हाला माहितेय ना तुमचा वाटा किती होता. म्हणाली, "माहितेय की. बाजारभावानं मला पण येतंय काढता. पण उद्या नवऱ्यानं हाकललं तर जाऊ कुठं, दिवाळीला कुणाचं दार वाजवू?" हे वाक्य ऐकल्यापासून मी बायकांना हक्काची जाणीव नाही असं भाषणात म्हणायचं सोडलंय. तिने वाटा देऊन माहेर विकत घेतलं होतं. हा सौदा कुठल्या कलमात बसतो?

शेतकरी संघटनेने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लक्ष्मीमुक्ती काढली होती, नवऱ्याने स्वखुशीने बायकोच्या नावावर जमीन करायची, शरद जोशींची कल्पना. त्यातून खरोखर किती बायकांच्या हातात शेतीचे निर्णय आले यावर कुणी गावोगाव फिरून अभ्यास करावा असं मला फार वाटतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांत बायकांच्या नावची जेमतेम १४ टक्के. तुझ्या ४० घरांत एक रकाना वाढव बाई, सातबारा कुणाच्या नावावर. आणि सातबाऱ्यावर मालकांच्या नावांपासून वेगळा 'इतर हक्क' असा रकाना असतो, त्यात कोण आहे तेही बघ, बहुतेक तिथे एखादी आत्या सापडेल.

ओवीवाली_आजी

मी मराठीची, रिटायर्ड. सगळे आकडे आणि कलमं सांगतायत म्हणून माझं एवढंच. पुण्याजवळच्या मुळशी मावळापासून सुरुवात करून गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर भरल्या, हजाराहून जास्त गावांतून. त्यात भाषावाले होते, समाजकार्यवाले होते, पुढे संगीत आणि संगणकवाले पण आले आणि डेटाबेस झाला. जी बाई सर्व्हेवाल्याला "मी कुठं काय करते" म्हणते तीच जात्यावर बसली की किती दळलं, कुणी टोचलं, बाप का आला नाही, भाऊ कसा विसरला सगळं सांगते. कारण समोर फॉर्म नसतो, समोर दुसरी बाई असते. सोलापूरच्या सरांच्या पहाटे ४ च्या खणात एकेकाळी नेमकं हेच भरलं असतं. आता चक्की आली, जाती गेली, ओव्या म्हातारीबरोबर चालल्या. तुझ्या आजीला येत असतील तर आधी फोनवर रेकॉर्ड करून घे, एमए नंतर.

उसाचं_पाचट

बापरे, मला वाटलं होतं दोन ओळीत कुणीतरी 'बीएड कर' म्हणून जाईल. सगळ्यांचे खूप आभार, सरळरेषा दादांचे पण, तुमचा नवरदेवांचा मुद्दा मी चुलत भावाला वाचून दाखवला, तो गप्प झाला, त्याचंही जमत नाहीये.

ठरवलंय अजून पूर्ण नाही. खारीचा_वाटा ताईचं वाचलं की पुणे वाटतं, सरांचं वाचलं की अर्थशास्त्र. सध्या असं डोक्यात आहे की पुण्यालाच अर्थशास्त्राला फॉर्म भरते आणि जेंडरचा पण भरते, जिथं हॉस्टेल मिळेल तिथं जाते. हसू नका, आमच्याकडं विषय हॉस्टेलवरच ठरतो.

पण सरांनी सांगितलेलं केलं. काल परत चुलतीकडं गेले, वहीत अर्ध्या अर्ध्या तासाचे खण पाडून. पहिले तर ती वैतागली, परवाच लिहून नेलंस ना म्हणे. मग म्हणलं मागच्या साली फडावर होता त्यातला एक दिवस सांगा. पहाटे ३ ला उठते. म्हणजे सर, तुमचा खण सुरू व्हायच्या आधी एक तास! भाकरी, पाणी भरणं, धाकट्याला झोपेतच गोधडीत गुंडाळून फडात नेणं, मग तोडणी. गाडी कधी भरायला येईल ते नक्की नसतं, रात्री ११ ला आली तर ११ ला उठून भरायची. सांगता सांगता ती बोटं मोजायला लागली आणि मधेच थांबली, म्हणे, "आगं लई भरलं की गं." सातबाऱ्याचं पण विचारलं. आत्या सापडली, इतर हक्कातच.

एक अडलंय सर. ३ ते साडेतीनच्या खणात ती चूल पेटवते, पोराला पाजते आणि चुलत्याला उठवते, सगळं एकाच वेळी. कुठलं लिहू?

बेरीजवजाबाकी

तिन्ही लिही. मुख्य काम कुठलं ते तू ठरवू नकोस, तिलाच विचार. आणि ३ वाजताचा खण वाढव, फॉर्म तुझा आहे, सरकारचा नाही.

दोन्हीकडे फॉर्म भरतेस ते उत्तम. खारीचा_वाटा, तुमचा जातीचा मुद्दा मान्य, पुढच्या वर्षीपासून माझ्या मुलांच्या तक्त्यात तो रकाना असेल.

उसाचं_पाचट

विचारलं. म्हणाली, "चूल काय पेटतीच, पोरगं पण पितंय आपसूक. तुझ्या चुलत्याला उठवायचं, तेच मोठं काम. ते लिही."